आईंना जुनं सगळं आठवतं, पण दुपारची गोळी राहते: हे वयामुळे होतं का?

तुमच्या 70 वर्षांच्या आईंना चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची पंगत आठवते, पण दुपारची गोळी राहून जाते. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझे बाबा 76 वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी मीही याच धास्तीनं डॉक्टरांकडे गेले होते.

घडून गेलेलं आठवणं वेगळं आणि करायचं ते ऐन वेळी आठवणं वेगळं. दुसऱ्यात कुणी विचारायला येत नाही. हातातलं काम सोडून आपलं आपल्यालाच सुचावं लागतं. याचा बराच भार मेंदूच्या पुढच्या भागावर असतो, आणि तो वयानुसार मंदावतो. त्यातही 'चार वाजता गोळी' असं घड्याळावरचं काम जास्त निसटतं. 'काकू भेटल्या की डबा द्यायचा' हे त्या मानानं टिकतं, कारण काकूच आठवण करून देतात.

नवल म्हणजे प्रयोगशाळेत तरुण सरस ठरतात, पण रोजच्या आयुष्यातल्या कामांत वयस्कर माणसं अनेकदा जास्त चोख निघतात. रेंडेल आणि क्रेक या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली हे दाखवलं. म्हणून आईंची आठवणच गेली, असं लगेच धरू नका.

बाबांना मी मोबाइलवर गजर लावून दिला होता. तो वाजायचा, बाबा बंद करायचे, आणि पाणी आणायला उठेपर्यंत गोळी डोक्यातून गेलेली असायची. आता सात कप्प्यांची डबी चहापत्तीच्या डब्यावर असते. दुपारचा चहा तेच करतात; डबा उघडायचा तर आधी गोळ्या उचलाव्या लागतात. 'घेतली का गं मी?' हा प्रश्नही मिटला, कारण आजचा कप्पा रिकामा दिसतो. मला खरी भीती दोनदा घेण्याचीच होती.

आईंना एकदा मोठ्यानं म्हणायला लावा: "चहाचा डबा हातात घेतला की गोळी घेईन." असं नेमकं ठरवल्यानं ज्येष्ठांना फरक पडतो, हे अभ्यासांत दिसलंय.

मात्र डबी समोर असूनही ती कशासाठी आहे हेच उमगत नसेल, किंवा गॅस वारंवार चालू राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. बाबांचं बी-12 कमीच निघालं होतं.

आणि पाहुण्यांसमोर "गोळी घेतलीस का?" असं विचारू नका. बाबा अशा वेळी न घेतलेली गोळीही घेतली म्हणून सांगायचे.