सिंगापूरला तीन वर्षांसाठी जातो आहोत. बाहेरचे जेवण आणि सुट्टीचे दिवस यांचे काय?

आपला प्रश्न असा आहे : पतीची सिंगापूरला तीन वर्षांसाठी बदली झाली आहे, ते शाकाहारी आहेत, आपल्याला मासे चालतात, सोबत आठ वर्षांची मुलगी आहे; तर तिथे बाहेर जेवणे परवडते का, आणि शनिवार-रविवार मॉलमध्येच काढावे लागतात का? मी तिथे नोकरीनिमित्त सात वर्षे राहिले. जेवण नक्की परवडते. मॉल टाळायचे असतील तर मात्र पहिल्या दोन महिन्यांतच तशी सवय लावून घ्यावी, कारण त्या दमट हवेत एकदा का वातानुकूलित गारव्याची चटक लागली की माणूस तिथून हलत नाही.

महागाईची ओरड होते ती घरभाडे, मोटार, मद्य आणि रेस्टॉरंट यांच्यामुळे. रेस्टॉरंटच्या मेनूवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हे दिसतात, त्यांना तिथे 'प्लस प्लस' म्हणतात. त्यांचा अर्थ असा की दहा टक्के सेवा आकार आणि त्यावर 9 टक्के जीएसटी वेगळा द्यायचा, म्हणजे वीस सिंगापूर डॉलरची थाळी जवळजवळ चोवीस डॉलरना पडते. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे ठेल्यांच्या खाद्यबाजारात, हा हिशेब नसतो. फलकावर लिहिलेली किंमत द्यायची आणि ताट उचलायचे. चार ते सहा डॉलरमध्ये एका माणसाचे पोट भरते, आणि त्यामुळे कितीतरी स्थानिक कुटुंबे आठवड्यातले बरेचसे दिवस घरी स्वयंपाकच करत नाहीत.

हॉकर सेंटर म्हणजे वर छप्पर, बाजू मोकळ्या, मध्ये जमिनीत पक्की बसवलेली टेबले आणि कडेने ठेल्यांच्या रांगा. पूर्वी रस्त्यावर गाड्या लावणाऱ्या विक्रेत्यांना सरकारने पाणी आणि गटारे असलेल्या अशा इमारतींत हलवले. हे काम 1986 पर्यंत पूर्ण झाले, आणि 2020 मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तिथले रिवाज मात्र कोणी शिकवत नाही. पहिल्याच आठवड्यात दुपारी एका टेबलावर कागदी रुमालांचे छोटे पाकीट पडलेले पाहिले, कोणीतरी विसरले असावे असे समजून ते बाजूला सरकवले आणि बसले. दोन मिनिटांत हातात सूपचा वाडगा घेतलेल्या एक वयस्क बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त पाकिटाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणाऱ्या आपल्या माणसाला हे कळायला खरे तर इतका वेळ लागायला नको होता. जागा धरून ठेवण्याच्या या प्रकाराला तिथे 'चोप' करणे म्हणतात. जेवण झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवणे 2021 पासून सक्तीचे आहे, न ठेवल्यास दंडही होऊ शकतो.

पेये मागण्याची भाषा निराळी आहे आणि ती मुलीला आपल्याआधी येईल. 'कोपी' म्हणजे आटवलेल्या गोड दुधाची कॉफी, 'कोपी-ओ' बिनदुधाची पण साखरेची, 'कोपी-सी' बिनगोडाच्या आटीव दुधाची आणि साखरेची. पुढे 'कोसोंग' जोडले तर साखर नको, 'सिउ दाय' म्हटले तर कमी, 'पेंग' म्हटले तर बर्फ घालून. चहाला 'ते' म्हणतात, त्यामुळे 'ते द्या' असे म्हणताना मराठी माणसाला सुरुवातीला हसू येते. आपल्या आल्याच्या चहाची आठवण आली तर भारतीय मुस्लिमांच्या ठेल्यावर 'ते हालिया' मागावा. विक्रेत्याला 'अंकल' किंवा 'आंटी' म्हणायचे, आणि पार्सल हवे असेल तर 'ताबाओ'.

पतींच्या शाकाहाराबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण घोळ इथेच होतो. साध्या ठेल्यावर फक्त 'मांस नको' सांगून भागत नाही. कांगकोंग नावाची हिरवीगार पालेभाजी पाहून मन हरखते, पण तिच्या सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या वाटणात, बहुधा बेलाचान असते, म्हणजे आंबवून वाळवलेल्या जवळ्याचा गोळा. नूडल्सच्या पाण्यात कोंबडीचे किंवा माशांचे सत्त्व असते. म्हणून पूर्ण शाकाहारी असा फलक लावलेला चिनी ठेला शोधावा. मोठ्या हॉकर सेंटरमध्ये तो बहुधा सापडतो. बौद्ध परंपरेमुळे तिथे अनेकदा कांदा-लसूणही नसतो. ताटात बदकासारखे किंवा मटणासारखे दिसणारे काही आले तर दचकू नये, ते सोया, गव्हातले ग्लुटेन किंवा मशरूम यांचे असते. चिनी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी या ठेल्यांपुढे अशी रांग लागते की आपल्याकडची संकष्टी आठवावी. दाक्षिणात्य जेवणासाठी लिटल इंडियात सेरंगून रोडवर 1947 पासूनचे कोमला विलास आहेच.

आपल्यासाठी त्याच भागातला टेक्का सेंटरचा ओला बाजार, म्हणजे ताज्या मासळीचा आणि भाजीचा बाजार, आहे. तिथे सुरमईला 'तेंगिरी', पापलेटला 'बावाल' आणि बांगड्याला 'केंबुंग' म्हणतात. ही तीन नावे पाठ झाली की अर्धे काम झाले. सकाळी लवकर जावे. माझा नेहमीचा कोळी फक्त 'करी की फ्राय?' एवढेच विचारी आणि त्याप्रमाणे तुकड्यांची जाडी ठरवी. रविवारी संध्याकाळी याच गल्ल्यांत बांधकामावर राबणारे हजारो तमिळ आणि बांगलादेशी तरुण सुट्टीला जमतात. आपण आणि ते दोघेही परदेशीच, पण 'एक्स्पॅट' (परदेशी नोकरदार) हा शब्द तिथे फक्त आपल्यासारख्यांसाठी वापरतात, हे मला शेवटपर्यंत खटकत राहिले. 2013 साली तिथे दंगल झाली आणि 2015 च्या कायद्याने देशभर रात्री साडेदहा ते सकाळी सात या वेळेत दुकानातून मद्य नेणे आणि सार्वजनिक जागी पिणे बंद झाले. त्यामुळे पाहुण्यांच्या पार्टीचे मद्य आधीच आणून ठेवावे लागते.

विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो, आणि मधला वेळ उकाड्याचा, त्यामुळे बाहेरचे जगणे एकतर पहाटे किंवा अंधार पडल्यावर. 1859 पासूनचे बोटॅनिक गार्डन पहाटे पाचला उघडते, ऑर्किडचा भाग सोडला तर तिकीट नाही, आणि मुलीला तिथे मोकळे सोडता येते. मॅकरिची जलाशयाच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा 250 मीटरचा झुलता पूल आहे. तिकडे जाताना हातात प्लॅस्टिकची पिशवी ठेवू नये, माकडे ती खाऊचीच समजतात. एस्प्लनेड या कलाकेंद्रात विनामूल्य गाण्याचे कार्यक्रम वर्षभर होतात, नोव्हेंबरात भारतीय कलांचा महोत्सवही असतो. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव असतोच. ओळखी तिथे आपोआप होतील, त्याची चिंता करू नये.

मला विचाराल तर पहिल्याच महिन्यात पुलाउ उबिन बेटावर जावे. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लाकडी होडी सुटते, वेळापत्रक नसते, बारा माणसे जमली की ती निघते. एकदा आम्ही अकरा जण बाकांवर बसून होतो, नावाडी निवांत वर्तमानपत्र वाचत होता, आणि अर्ध्या तासाने हातात ड्युरियन या उग्र वासाच्या फळाची पिशवी घेतलेले एक आजोबा येताना दिसले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेटावर भाड्याच्या सायकली मिळतात; मुलीच्या मापाची सायकल हवी असेल तर सकाळी नऊच्या आत पोहोचा.