ग्रुप पॉलिसीने (ऑफिसच्या सगळ्या विंडोज पीसींना एका जागेवरून सेटिंग्ज आणि सॉफ्टवेअर देण्याची सोय) सॉफ्टवेअर काही पीसींवर बसतं, काहींवर बसतच नाही. असं का?

'काहींवरच' म्हणताय, तर आधी नेटवर्क बघा. कॉम्प्युटरला 'असाइन' केलेलं, म्हणजे नेमून दिलेलं, एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) मशीन सुरू होताना, कुणी लॉगिन करायच्या आधी बसतं. एसएसडीवाले लॅपटॉप इतके झटपट सुरू होतात की वाय-फाय जोडलं जाईपर्यंत ती वेळ टळून गेलेली असते. पॉलिसीत 'ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क ॲट कॉम्प्युटर स्टार्टअप अँड लॉगऑन' चालू करा आणि एकदा केबल लावून रीस्टार्ट करून बघा.

तरीही नाही बसलं तर ती एमएसआय फाइल ठेवलेल्या शेअर फोल्डरची परवानगी तपासा. फाइल वाचायला तुमचं ॲडमिन खातं जात नाही, त्या मशीनचं स्वतःचं खातं जातं. म्हणून तुम्हाला फोल्डर छान उघडलेलं दिसतं आणि इन्स्टॉल मात्र अडतं! 'डोमेन कॉम्प्युटर्स' या ग्रुपला रीड (वाचायची परवानगी) द्या, शेअरवर आणि एनटीएफएसमध्ये (फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये), दोन्हीकडे. पाथ सर्व्हरच्या नावापासून पूर्ण लिहा. 'Z:' असं मॅप केलेल्या ड्राइव्हचं अक्षर देऊ नका, तो ड्राइव्ह त्या वेळी जोडलेलाच नसतो.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणारं टूल) १६०३ हा कोड दिसला तर इन्स्टॉल खरंच फसलंय. ३०१० म्हणजे बसलंय, फक्त रीस्टार्ट बाकी आहे; उगाच परत टाकू नका.

बाकी, ग्रुप पॉलिसी कुठे बसलं, कुठे नाही याचा एकत्रित रिपोर्ट देत नाही, आणि नुसती ईएक्सई तर तिला चालतच नाही. मशीन वाढणार असतील तर माझ्या मते सरळ इंट्यून किंवा कॉन्फिगरेशन मॅनेजर या मायक्रोसॉफ्टच्या मशीन सांभाळायच्या टूल्सकडे वळा.