देवळालीच्या लष्करी युनिटला संगणक पुरवायचे तर खरेदी कशी होते आणि पैसे कुठे अडकतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेज रोडला संगणक, प्रिंटर आणि नेटवर्किंगचं दुकान आहे, देवळाली कॅम्प आणि नाशिक रोड कॅम्पच्या लष्करी युनिटांना माल द्यायचा आहे, तर त्यांचा आयटीवरचा खर्च कसा चालतो, कोणाला भेटायचं आणि पैसे वेळेवर मिळतात का?

'कोणाला भेटायचं' इथेच गफलत आहे. ग्राहक एक वाटतो, पण असतात तिघे. संगणक वापरणारी शाखा गरज लिहून देते. खर्चाला मंजुरी देतो सीएफए, म्हणजे सक्षम वित्तीय अधिकारी. ठरावीक रकमेच्या वर त्याला वित्त सल्लागाराची, म्हणजे आयएफएची, सहमती घ्यावी लागते. पैसे मात्र युनिट देतच नाही. ते सहसा पुण्याच्या पीसीडीए, दक्षिण कमांड या लेखा कार्यालयातून येतात. पहिल्याला चालणारं मशीन हवं असतं, दुसऱ्याला नियमात बसणारी फाइल आणि तिसऱ्याला तारीख, आकडा, सही जुळणारं बिल. एकाशी कितीही गोड बोललात तरी बाकीचे दोघे हलत नाहीत.

असली खरेदी महसुली खर्चात मोडते आणि डीपीएम या नियमपुस्तकाने चालते. २००९ची जुनी पुस्तिका जाऊन १ नोव्हेंबर २०२५पासून नवी लागू झाली आहे. शस्त्रप्रणाली वगैरेंची भांडवली खरेदी डीएपी या वेगळ्या नियमपुस्तकाखाली होते, तिकडे तुमचं काम नाही.

रोजची खरेदी जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर, होते. ५० हजारांपर्यंत युनिट जेमवरच्या कोणत्याही विक्रेत्याकडून थेट घेऊ शकतं. त्यापुढे १० लाखांपर्यंत किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या वस्तूंची तुलना करून सगळ्यात स्वस्त, म्हणजे एल-१, घ्यावी लागते. १० लाखांच्या वर बिड किंवा उलट लिलाव, म्हणजे विक्रेत्यांनी भाव खाली उतरवत जायचा लिलाव. ४८ हजारांचे २० डेस्कटॉप म्हणजे ९ लाख ६० हजार, तुलनेत बसले. ४० हवे असतील तर मात्र '२० आत्ता, २० पुढच्या महिन्यात' असं सुचवू नका. मर्यादा चुकवण्यासाठी मागणीचे तुकडे करायला बंदी आहे, आणि लेखापरीक्षणात ते पहिल्या नजरेत दिसतं. उत्तर देताना घाम अधिकाऱ्याला फुटतो, पण पुढच्या वेळी तुमचं नाव नकोसं होतं.

भेटीचा खरा उपयोग जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा प्रस्ताव तयार होत असतो आणि त्याला अंदाजपत्रकीय दर, म्हणजे बजेटरी कोट, जोडावा लागतो. तो दिला म्हणून ऑर्डर तुमची होत नाही, तरीही नीट द्या. बरेच दुकानदार इथे खूश करायला पडेल भाव लिहितात. मग मंजुरी त्या रकमेची होते, बिडमध्ये दर वर जातात आणि फाइल सुधारित मंजुरीसाठी परत फिरते. दीड-दोन महिने गेले की वर्ष संपत येतं. जीएसटी, तीन वर्षांची वॉरंटी, जोडणीची मजुरी आणि देवळालीपर्यंतची वाहतूक धरून खरा भाव लिहा.

बिडमध्ये नाशिकचे व्यापारी सगळ्यात जास्त अडखळतात ते उद्यम, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी, नोंदणीवर. प्रमाणपत्र आहे म्हणजे अनामत रक्कम माफ, असं धरून देकार भरतात आणि तांत्रिक छाननीत बाद होतात. २०२१पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा फायदा बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या खरेदी धोरणातली अनामत माफी आणि किमतीची सवलत उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, माल घेऊन विकणाऱ्याला नाही. ४५ दिवसांत पैसे न मिळाल्यास व्याज मागण्याचा मार्गही व्यापारी म्हणून धरू नका. तुम्ही केबलिंग किंवा देखभालीची सेवा देत असाल तर ती नोंदणीत वेगळी दाखवा.

कामगिरीची हमी कराराच्या ३ ते ५ टक्के असते आणि वॉरंटी संपल्यावरही ६० दिवस वैध ठेवावी लागते. १२ लाखांच्या कामात ३ टक्के म्हणजे ३६ हजार तीन वर्षांहून जास्त काळ अडकले. दर लावताना हे व्याज कोणी मोजत नाही. आणि कंपनीचं अधिकृतता पत्र बिड क्रमांकासह घ्या. 'सर्व शासकीय कार्यालयांसाठी' असं मोघम पत्र हमखास नाकारलं जातं.

आता मालाकडे. जेमच्या यादीतली वैशिष्ट्यं एकीकडे आणि खरेदीदाराने जोडलेल्या जादा अटी, म्हणजे एटीसी, दुसरीकडे. वाचायची ती दुसरी. त्यात बहुधा सापडतं: वायफाय-ब्लूटूथ नको, खराब झालेली हार्ड डिस्क परत मिळणार नाही. ही दुसरी अट पैशाची आहे. वॉरंटीत बदली डिस्क देताना कंपनी जुनी मागते, युनिट ती देणार नाही, मधला भुर्दंड तुमचा. म्हणून 'डिस्क ग्राहकाकडे राहील' अशी कंपनीची वॉरंटी आधीच विकत घ्या. मशीन इंटरनेटला जोडलेलं नसतं, त्यामुळे परवाना सक्रिय करणं आणि अँटीव्हायरसचं अद्ययावतीकरण ऑफलाइन जमतं का ते आधी तपासा. दूरस्थ दुरुस्तीही विसरा. २०२३मध्ये संरक्षण मंत्रालयाने विंडोजच्या जागी उबुंटूवर आधारलेली माया ही प्रणाली आणायचं जाहीर केलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की लिनक्सचा ड्रायव्हर नसलेला प्रिंटर लष्कराला विकूच नये, भले तो पाचशे रुपयांनी स्वस्त असो. यूपीएसच्या बॅटरीची वॉरंटी यूपीएसपेक्षा कमी असते, तेही बघून घ्या.

केबलिंगचं काम असेल तर जागा पाहिल्याशिवाय दर देऊ नका. कॅट-६ तारेची मर्यादा १०० मीटर, त्यातले ९० भिंतीतले आणि १० पॅच कॉर्डचे. कॅम्पात इमारती लांब लांब, म्हणून दोन इमारतींमध्ये फायबरच लागतं. २४ पॉइंट, सरासरी ४५ मीटर, म्हणजे १,०८० मीटर तार. ३०५ मीटरचे चार बॉक्स लागतात आणि वाया जाणारी तार धरली की चौथ्यात फारसं काही उरत नाही. रस्ता खोदायचा असेल तर एमईएसच्या, म्हणजे लष्कराच्या बांधकाम विभागाच्या, गॅरिसन इंजिनिअरची परवानगी युनिटने घ्यायची असते. ती हातात येईपर्यंत तुमची मुदत सुरू होऊ नये, असं लेखी मागा. माणसांचे पास आधी करा. फोन गेटवर जमा होतो, पेन ड्राइव्ह आत नेता येत नाही, म्हणून चाचणीचं यंत्र आणि सॉफ्टवेअर कसं न्यायचं ते आदल्या दिवशीच ठरवा.

उशिराचा दंड आठवड्याला ०.५ टक्के, कमाल १० टक्के, आणि आठवड्याचा तुकडाही पूर्ण आठवडा. वरच्या ९ लाख ६० हजारांच्या ऑर्डरला १५ दिवस उशीर म्हणजे तीन आठवडे, १४,४०० रुपये. मार्जिन ५ टक्के, म्हणजे ४८ हजार धरलं, तर जवळपास तिसरा हिस्सा गेला. कंपनीकडून माल उशिरा आला ही सबब चालत नाही. मुदत वाढवून हवी असेल तर मुदत संपण्याआधी जेमवर मागा.

माल पोचला की तात्पुरती पावती ४८ तासांत आणि स्वीकृतीचं प्रमाणपत्र, सीआरएसी, १० दिवसांत द्यायचं, पैसे त्यानंतर १० दिवसांत, असं जेम सांगतं. प्रत्यक्षात स्वीकृती आणि पैसे यांच्यामध्ये पुण्याचं लेखा कार्यालय आहे. बिलासोबत पुरवठा आदेश, मंजुरीची प्रत, सीआरव्ही म्हणजे माल जमा झाल्याचं व्हाउचर, तपासणी अहवाल, वॉरंटी पत्र आणि बँक तपशील जातात. परत येणाऱ्या बिलांत कारणं क्षुल्लक असतात: सिरीयल नंबर व्हाउचरवर वेगळे, बिलाची तारीख आदेशाच्या आधीची, 'डेस्कटॉप' आणि 'पीसी' अशी दोन नावं, कॅन्सल्ड चेकवर फर्मचं नाव अर्धवट. वस्तूचं नाव आदेशातून जसंच्या तसं उतरवा, तिथे स्पेलिंग चुकलेलं असलं तरी.

आणि मार्च. केंद्राच्या खर्चमर्यादेनुसार शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि मार्चमध्ये १५ टक्क्यांहून जास्त खर्च करायचा नसतो, तरी गर्दी होतेच. ३१ मार्चआधी बिल मंजूर झालं नाही तर त्या वर्षाचा निधी व्यपगत होतो आणि तुमचं बिल नव्या वर्षाच्या वाटपाची वाट बघत बसतं. फेब्रुवारीच्या शेवटी २० मशीनची ऑर्डर आली आणि माल मुंबईच्या वितरकाकडे तयार नसेल, तर मी ती घेणार नाही.

ओझरचं गणित वेगळं. विमानं बनवणारी एचएएल ही सरकारी कंपनी आहे, तिची खरेदी तिच्या स्वतःच्या नियमावलीने होते आणि पैसे तिच्याच लेखा विभागातून. शेजारचा ११ बेस रिपेअर डेपो हवाई दलाचा, तिथे बिल कोणत्या लेखा कार्यालयाकडे जातं ते पुरवठा आदेशावर छापलेलं असतं; देवळालीचा पुण्याचा पत्ता तिथे तसाच टाकू नका.