पाय दुखतात, की दुखायचे थांबलेत?

प्रश्न : वय ५८, मधुमेहाला १२ वर्षं झाली. रात्री अंथरुणावर पडलं की तळपायांची आग होते, मुंग्या येतात. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळीने उतार पडत नाही.

उत्तर : हे दुखणं बहुधा मज्जातंतूंचं आहे, त्यामुळे त्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की सर्वांत लांबच्या नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन अशी वेगळी औषधं त्यासाठी आहेत, ती डॉक्टरांना ठरवू द्या. डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक मनाने घेत राहू नका, मूत्रपिंडांना ते झेपत नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासा. ते कमी झालं तरी अशाच मुंग्या येतात.

प्रश्न : थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, थांबलो की बरं वाटतं. बिडी ओढतो. वयामुळे असेल का?

उत्तर : वयावर ढकलू नका. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असाव्यात. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात, ते ०.९ किंवा त्याखाली आलं तर रक्तपुरवठा कमी आहे. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक होऊन हा आकडा फसवा चांगला येऊ शकतो, तेव्हा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफीही करा. हृदयाची तपासणी सोबतच उरका. बिडी आजच बंद.

प्रश्न : आईचे पाय वर्षभर जळायचे, आता आपोआप थांबलं. साखर मात्र तशीच आहे. गोळ्या बंद करू का? ती रोज देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालते.

उत्तर : मला सर्वांत जास्त काळजी तुमच्या आईंची वाटते. साखर तशीच असताना आग थांबली, तर पाय बधिर झाले असण्याची शक्यता मोठी. १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटचा, म्हणजे तेवढ्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याचा, स्पर्श तळव्याला कळतो का, ही दोन मिनिटांची तपासणी करून घ्या. तोवर गोळ्या बंद करू नका. बधिर पायाला तापलेली फरशी कळत नाही, चपलेत घुसलेला खिळा कळत नाही. जखम चिघळून वास यायला लागल्यावर घरच्यांना पत्ता लागतो, हे मी फार वेळा पाहिलं आहे. प्रदक्षिणा सोडा असं मी म्हणणार नाही. फरशी तापण्याआधी, सकाळी, जाड मोजे घालून जाऊ द्या. घरात एमसीआर चप्पल (मऊ रबरी तळाची) हवी. गरम पाण्यात पाय शेकणं बंद, कुरूप ब्लेडने कापणं बंद. आणि रोज रात्री त्यांचे तळवे, बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः बघा. त्यांना वाकून दिसणार नाही.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. एकच पाऊल सुजून लाल, गरम झालंय. जखम नाही, फारसं दुखत नाही. पुढच्या आठवड्यात दाखवलं तर चालेल?

उत्तर : नाही, आजच दाखवा. जंतुसंसर्ग असू शकतो किंवा शार्कोचा पाय. शार्कोत हाडं चालता चालता मोडतात आणि पावलाचा आकार कायमचा बदलतो. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, म्हणून एमआरआयबद्दल विचारा. त्या पायावर वजन पडू देऊ नका. दवाखान्याच्या दारातच व्हीलचेअर मागा.