रात्रीची बाई किती रात्री?

प्रश्न : आम्ही वाकडला राहतो. मी ३१ वर्षांची, आयटीत टेस्टिंगला. नवरा चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. पाळी दर आठवड्याला बदलते, तीन आठवड्यांतून एकदा रात्रपाळी. हातात येणारा पगार माझा ८४ हजार, त्याचा ६८. घराचा हप्ता ४६ हजार, गाडीचा ११, घरखर्च ४८, मिरजेला आई-बाबांना ८, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) २० हजार. एफडी ३ लाख १० हजारांची, आणि बाळंतपणासाठी वेगळे ठेवलेले दीड लाख. फेब्रुवारीत पहिलं बाळंतपण आहे. डॉक्टर सिझेरियनची तयारी ठेवा म्हणतात. त्याचा अंदाज १ लाख ३० हजार, कंपनीच्या विम्यातून ७५ हजारांपर्यंत मिळतील. सकाळची मालिशवाली ५०० रुपये रोजाने ४० दिवसांसाठी ठरली आहे. बाबांची बायपास झाल्यामुळे आईला तीनच आठवडे राहता येईल. सासूबाई घरात आहेत, पण गुडघ्यांमुळे रात्रीची उठबस त्यांना होत नाही. एका एजन्सीने रात्री ९ ते सकाळी ७ साठी जपाबाई (बाळ-बाळंतिणीला सांभाळणारी) १,३०० रुपये आणि ‘पोस्टपार्टम डुला’ (बाळंतपणानंतर आईला आधार देणारी) २,६०० रुपये रात्र असे दर दिलेत. नोंदणीचे १२ हजार अधिक जीएसटी वेगळे, आणि किमान तीन महिने घ्या म्हणतात. नवरा म्हणतो कार्डावर हप्ते पाडू, नाहीतर २०२२ साली उघडलेल्या पीपीएफमधून काढू. सासरे बारशासाठी हॉल बघतायत, त्याचा आकडा १ लाख ४० हजार. पण रात्रीच्या बाईला ते चोचले म्हणतात. खरंच चोचले आहेत का?

उत्तर : ताई, चोचले नाहीत. फक्त तीन महिनेही लागणार नाहीत.

आधी सासऱ्यांचं. त्यांच्या पिढीत रात्रीला पगारी बाई नव्हती हे खरं, पण बाळंतीण एकटीही नव्हती. घरात जावा, नणंदा, आतेसासूबाई असायच्या. पहिलं बाळंतपण तर माहेरीच व्हायचं. आणि सुईण काही फुकट येत नव्हती. तिला धान्य, साडी-चोळी, खण-नारळ द्यायची रीत होती. म्हणजे बाळंतिणीच्या मदतीला मोबदला देणं आपल्याकडे जुनंच आहे, आता तो यूपीआयने जातो एवढंच. हे त्यांना ऐकवायची गरज नाही. बारशाच्या हॉलचा आकडा आणि या बाईचा आकडा एका कागदावर शेजारी शेजारी लिहून चहाच्या वेळी टेबलावर ठेवा, पुरे.

दुसरं, ‘आई आली की फुकटात होतं’ हा हिशेब मला मान्य नाही. माझ्या बाळंतपणाला माझी आई कराडहून आली आणि तीन महिने राहिली. तिचा शिवणाचा क्लास होता, बारा-पंधरा मुली यायच्या. परत गेली तेव्हा त्यातल्या बहुतेक दुसरीकडे लागल्या होत्या. तो क्लास पुन्हा उभा राहिलाच नाही. माझ्या वहीत तेव्हा खर्च शून्य लिहिलेला होता, आणि मी तर पैशांच्या हिशेबाच्याच धंद्यातली! तुमच्या आईला तीन आठवडेच जमतंय ना, तर तेवढंच धरा. ‘बघू, आणखी पंधरा दिवस राहील’ या आशेवर काही आखू नका.

आता रात्रींकडे येऊ. एजन्सी महिने विकते, तुम्ही रात्री मोजा. नव्वद रात्री गुणिले १,३०० म्हणजे १ लाख १७ हजार. नोंदणी जीएसटीसकट १४,१६०. एकूण १ लाख ३१ हजार १६०. डुला घेतली तर हाच आकडा अडीच लाखांना टेकतो.

या नव्वदपैकी कुठल्या रात्री खरोखर अवघड आहेत? पहिले तीन-चार दिवस हॉस्पिटलमध्ये जातील. पुढच्या रात्रींना आई आहे. आई जाईल त्या दिवशी तुमचे टाके जेमतेम तीन आठवड्यांचे असतील, आणि बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा प्यायला उठत असेल. खरी खिंड इथे आहे. म्हणून बाई बाळाच्या अठराव्या दिवसापासून लावा. शेवटचे तीन दिवस आई आणि बाई एकत्र असतील. आईच्या नजरेखालून बाई गेलेली बरी. तुम्हाला झोपेच्या तारेत जे दिसणार नाही ते तिला दिसेल. तिथून सलग ३५ रात्री. तोवर तुमची सहा आठवड्यांची तपासणी झालेली असेल आणि बाळाचं काही एक वेळापत्रक बसलेलं असेल, किंवा ते बसणार नाही हे तरी कळलेलं असेल.

त्यानंतर बाई रोज नको. नवऱ्याची रात्रपाळी ज्या आठवड्यात असेल त्याच आठवड्यात. पुढच्या सहा आठवड्यांत असे दोन आठवडे येतात, सहा-सहा रात्री धरल्या तर बारा. बाकीच्या चार आठवड्यांत ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि बाळ तुमच्या कुशीत आणून देणं ही कामं बाबाची. पहिली पाळी असलेल्या आठवड्यात पहाटेच त्याची कंपनीची बस असेल, तेव्हा मध्यरात्रीपर्यंतचं तो बघेल, पुढचं तुम्ही. खासगी नोकरीत बापाला रजा देण्याची कायद्याने सक्ती नाही, त्यामुळे त्याने साठलेली रजा हॉस्पिटलच्या दिवसांत उधळू नये, आई जाईल त्या आठवड्यासाठी राखावी.

हिशेब असा होतो : ३५ रात्री १,३०० ने ४५,५००. सुट्या बारा रात्रींना एजन्सी जास्त मागेल, १,५०० धरू, म्हणजे १८ हजार. नोंदणी १४,१६०. एकूण ७७,६६०. एजन्सीच्या आकड्यापेक्षा साडेत्रेपन्न हजारांनी कमी. आणि हॉस्पिटलचं बिल आणि विमा यांच्यात तुमची जी फट आहे, ती ५५ हजारांची, म्हणजे जवळपास तेवढीच.

‘किमान तीन महिने’ ही अट पक्की असते असं समजू नका. फोनवर ती असते, समोर बसून बोललं की बऱ्याचदा नसते. अगदीच अडले तर दुसरी एजन्सी बघा. सोसायटीतल्या दोन-चार नव्या आयांना विचारलंत तर एजन्सीशिवायही बाई मिळेल. मग नोंदणीचे पैसे वाचतात, पण बाई आजारी पडली तर बदली कोण देणार, हा प्रश्न उरतो. पहिल्या बाळंतपणाला मी बदलीची हमी विकत घेईन.

डुला की जपाबाई? डुला हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ सेवा करणारी स्त्री. चांगली डुला बाळंतिणीच्या मनाकडे बघते, दूध पाजायला बसवते, घरच्यांना समजावते. पण ती नर्स नाही, औषध-इंजेक्शन तिचं काम नाही. आणि तिचं हे कसब बोलण्या-शिकवण्यात आहे. रात्री तीन वाजता तुम्हाला शिकायचं नसतं, झोपायचं असतं. तेव्हा त्या कसबासाठी दुप्पट दर देण्यात मला अर्थ दिसत नाही. पाजण्याची अडचण आली तर आधी हॉस्पिटलमध्येच स्तनपानाच्या सल्लागार आहेत का, आणि त्यांची भेट तुमच्या पॅकेजात बसते का, ते विचारा. नसेल तर डुलाची दिवसाची एखाद-दुसरी भेट पैसे देऊन घ्या. शिवाय काही एजन्सींकडे डुला आणि जपाबाई यांत फरक फक्त पत्रकावरच्या छपाईचा असतो, म्हणून प्रशिक्षण कुठे आणि किती दिवसांचं झालं ते स्पष्ट विचारा.

आता पैसे कुठून. हॉस्पिटलची फट ५५ हजार, रात्रीची बाई ७७,६६०, मालिशवाली २० हजार. बेरीज १ लाख ५२ हजार ६६०. तुमच्या वेगळ्या ठेवलेल्या दीड लाखांत हे सगळं बसलं, वरचे अडीच-पावणेतीन हजार महिन्याच्या शिलकीतून निघतील. सगळे खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिना १९ हजार उरतात. मग कार्ड हवंय कशाला? कार्डावर हप्ते पाडले की व्याज, त्या व्याजावर जीएसटी, वर प्रक्रिया शुल्क. आणि एखाद्या महिन्यात ‘किमान रक्कम’ भरून वेळ मारून नेलीत तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाला चाळीसच्या वर. पीपीएफचा विषय तर आपोआपच मिटतो. खातं एप्रिल २०२२ किंवा त्यानंतर उघडलं असेल तर मार्च २०२८ उलटेपर्यंत, आणि त्याआधीच्या तीन महिन्यांत उघडलं असेल तर मार्च २०२७ उलटेपर्यंत, अशी रक्कम काढता येत नाही.

एफडीला हात नको. हप्ते, घरखर्च आणि मिरजेचे पैसे धरले तर तुमचा न टळणारा खर्च महिना १ लाख १३ हजार आहे. ती एफडी तीन महिनेही पुरत नाही. सिझेरियनचं बिल फुगलं किंवा बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर एसआयपी दोन-तीन महिने थांबवा. फंडवाले त्यासाठी दंड लावत नाहीत, फक्त थांबवण्याची विनंती वेळेत टाका. नाहीतर खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला की बँक तिचं शुल्क कापते.

राहिलं बारसं. बाराव्या दिवशीच करायचं असं कुठे आहे? सव्वा महिन्यानंतर किंवा तिसऱ्या महिन्यात बारशी सर्रास होतात. तोवर महिन्याच्या शिलकीतून तीसेक हजार जमतील. सोसायटीचा हॉल, चाळीस माणसं, पुरी-भाजी-जिलेबी. टाके ओले असताना तुम्ही शालू नेसून तीन तास खुर्चीत बसावं, हे मला बाकी कशापेक्षा जास्त खटकतंय. सासऱ्यांना हॉलच हवा असेल तर त्यांनी तो स्वतःच्या पैशातून हौसेने करावा. आजोबांचा तो हक्क आहे.

नोकरीची बाजू तुम्ही लिहिली नाहीत, मला ती सगळ्यात मोठी वाटते. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. झेपत असेल तर आधी कमी घ्या, नंतरची वाढेल. बाळंतपणामुळे आजारपण आलं तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते. एचआर हे आपणहून सांगेलच असं नाही. त्यापुढे मात्र बिनपगारी, आणि तुमचा बिनपगारी महिना ८४ हजारांचा आहे. म्हणजे रजा एक महिना लांबली तर सत्तेचाळीस रात्रींच्या बाईपेक्षा जास्त पैसे गेले. रात्री मदतीला बाई होती म्हणून बाळाची आई वेळेवर कामावर रुजू झाली, असा काही नियम नाही. बाळाचं आणि तुमचं काय होईल ते कुणी लिहून देऊ शकत नाही. पण झोप न मिळालेल्या डोक्याने ‘राजीनामाच देते’ असं ठरवलेल्या दोन-तीन हुशार मुली माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून गेल्या आहेत. रडू थांबत नसेल, बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल, तर तो बाईने सुटणारा प्रश्न नव्हे. डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर रात्रीही फोन घेते, मराठीतही बोलता येतं.

एजन्सीशी बोलताना माझ्या यादीत पहिला प्रश्न असा असतो : १,३०० मधले बाईच्या हातात किती पडतात? उत्तर टाळलं किंवा आकडा अगदी थोडा निघाला, तर ती बाई महिन्याभरात दुसरं काम धरणार आणि तुम्ही बदलीच्या चक्रात अडकणार. पैसे आठवड्याच्या आठवड्याला द्या, तीन महिन्यांचे आगाऊ नकोत. आधारची प्रत, पोलिस पडताळणी, आठवड्याची सुट्टी, किती दिवसांत आणि किती वेळा बदली, हे कागदावर घ्या. बाईला रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता आणि पाठ टेकायला नीट जागा हवी. घरखर्चात दोनेक हजार त्यासाठी वाढतील. आणखी एक वाक्य लिहूनच घ्या : बाळ झोपावं म्हणून आईला न विचारता काहीही पाजायचं नाही. गुटी नाही, मध नाही, ग्राइप वॉटर नाही.

लशींचं जाता जाता : सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या मुख्य लशी महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतात, न्यूमोकोकल आणि रोटाव्हायरससुद्धा. खासगीत त्याच भेटींचे काही हजार होतात. बाळाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. कंपनीच्या विम्यात बाळाचं नाव घालायला ठरावीक मुदत असते, ती आजच एचआरला विचारून ठेवा आणि तो फॉर्म नवऱ्याच्या अंगावर टाका.

एजन्सीला तारीख देताना ‘अमुक तारखेपासून’ असं म्हणू नका, ‘बाळाच्या अठराव्या दिवसापासून’ असं म्हणा. फेब्रुवारीची तारीख पुढे-मागे होणारच. आणि आईचं मिरजेचं परतीचं तिकीट आत्ताच काढू नका.