पालखी दारात येणार, तयारी काय करावी?

प्रश्न : आम्ही लातूरचे. नोकरीमुळे रत्नागिरीजवळच्या वाडीत भाड्याने राहतो. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरी येणार म्हणतात. आम्ही काय करायचं? शेजारचं ओडिशाचं कुटुंबही विचारतंय.

उत्तर : आधी वाडीप्रमुखांना दिवस विचारा. काही गावांत शिमगा त्रयोदशीला, म्हणजे तेरसे; काहींत पौर्णिमेला, म्हणजे भद्रेचे. घरोघरीचा क्रमही गावागणिक वेगळा. वेळ मात्र घड्याळाची धरू नका. संध्याकाळची पालखी मध्यरात्रीही येते.

खरी अडचण अंगणाची होते. पालखी खांद्यावर नाचवतात, मागे ढोल आणि माणसं असतात. म्हणून गाडी, दुचाकी बाहेर लावा, कपड्यांच्या दोऱ्या सोडा, कुत्रा आत बांधा. सडा-रांगोळी करून पाट मांडा. ओटीला खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, दक्षिणा ऐपतीप्रमाणे. नारळ दोन जास्तीचे ठेवा, ऐनवेळी आणखी कुणाच्या तरी मानाचा नारळ द्यावा लागतोच.

मग गाऱ्हाणं. गुरव किंवा मानकरी तुमच्या घरासाठी मागणं मागतात, प्रत्येक वाक्याला सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तुम्हीही म्हणा, अगदी मोठ्याने! मुलाची परीक्षा, आजारपण, जे सांगायचं ते आधीच कानावर घाला.

घरात सुतक असेल तर लपवू नका, आदल्या दिवशी कळवा.

शेजाऱ्यांना जरूर घेऊन या. दर्शनाला सहसा आडकाठी नसते. पालखी त्यांच्या दारी हवी असेल तर त्यांच्यासाठी वाडीप्रमुखांशी तुम्हीच बोला.