व्हिसा लागत नाही, मग काउंटरवर का अडवलं?

‘थायलंडला, मलेशियाला आता व्हिसा लागत नाही ना, मग आम्हाला का अडवलं?’ या आशयाची पत्रं थांबायचं नाव घेत नाहीत. म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. हे नियम बदलतात. सर्बियाने १ जानेवारी २०२३ पासून भारतीयांची व्हिसामाफी काढून घेतली, इराणने नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्या देशांचे जुने व्हिडिओ मात्र अजून तसेच फिरत आहेत. तिकीट काढण्याआधी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा, संबंधित दूतावासाचं संकेतस्थळ स्वतः उघडून बघा.

प्रश्न (पुणे): पुढच्या महिन्यात मलेशियाला जायचंय. माझ्या पासपोर्टची मुदत चार महिन्यांनी संपते. सहल आठच दिवसांची आहे, त्यामुळे चालेल असं एजंट म्हणतो.

उत्तर: चालणार नाही. मलेशियात पोचण्याच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. सहल आठ दिवसांची असो वा दोन. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो, तेव्हा आजच करा आणि तत्काळमध्ये बसतंय का ते पासपोर्ट सेवा केंद्रात विचारा. मुलांचे पासपोर्टही काढून बघा. त्यांची मुदत पाचच वर्षांची असते आणि घरात ते कुणाच्या लक्षात नसतं.

प्रश्न (लातूर): काठमांडूला विमानाने जाताना आधार कार्ड चालतं का? आम्ही दोघं चाळिशीतले आहोत.

उत्तर: नाही, पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, मूळ प्रत.

प्रश्न (ठाणे): आम्ही दोघे मित्र एकमार्गी तिकिटावर बँकॉकला निघालो होतो. तिथून बसने लाओसला जायचा विचार होता. मुंबईत चेक-इनला परतीचं तिकीट मागितलं. नाही म्हटल्यावर बोर्डिंग पास दिला नाही. शेवटी उभ्या उभ्या महागडं तिकीट काढावं लागलं. थायलंडला व्हिसाच लागत नाही, तर विमान कंपनीला हे विचारायचा अधिकार आहे का? नुकसानभरपाई मागता येईल का?

उत्तर: अधिकार आहे. भरपाई विसरा, ओव्हरबुकिंगमुळे उतरवलं तर मिळते ती भरपाई कागद अपुरे असणाऱ्याला मिळत नाही.

कारण समजून घ्या, म्हणजे काउंटरवरच्या मुलीवर चिडायची वेळ येणार नाही. बँकॉकच्या अधिकाऱ्याने तुम्हाला परत पाठवलं, तर परत आणायची जबाबदारी तुम्हाला नेणाऱ्या कंपनीवर पडते. वर बऱ्याच देशांत दंड असतो. आपल्याकडेसुद्धा २००० सालच्या कायद्यात अपुऱ्या कागदांनिशी प्रवासी आणणाऱ्या कंपनीला १ लाख रुपये दंड होता. त्यामुळे कंपनी स्वतःच्या खिशाला जपते. काउंटरवरच्या संगणकात ‘टिमॅटिक’ नावाची प्रणाली असते. विमान कंपन्यांची संघटना ‘आयाटा’ ती चालवते. पासपोर्ट कुठला, जायचं कुठे, राहणार किती दिवस, एवढं भरलं की त्या दिवशीचा नियम पडद्यावर येतो. तिथे परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट हवं असं दिसलं, की ‘माझ्या मेव्हण्याला कुणी विचारलं नव्हतं’ याला काही किंमत राहत नाही. मेव्हण्याला विचारलं नाही हे त्याचं नशीब.

बसचं तिकीट पुढच्या प्रवासाचा पुरावा म्हणून एखादी कंपनी मानते, एखादी मानत नाही. निघण्याआधी कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि ते छापून जवळ ठेवा. शिवाय काउंटर ही पहिलीच पायरी. पुढे आपलं इमिग्रेशन आहे. तेही शंका आली तर ऑफलोड करतं, म्हणजे विमानात बसूच देत नाही. त्यानंतर तिकडचं. तिथे हॉटेलचं बुकिंग आणि जवळचे पैसे दाखवायला सांगू शकतात. थायलंडसाठी माणशी २० हजार बाटच्या आसपास रक्कम रोख दाखवता आली तर अडचण येऊ नये. कार्डात आहेत हो, हे उत्तर प्रत्येक अधिकारी ऐकून घेतोच असं नाही.

प्रश्न (नागपूर): काउंटरवर दाखवण्यापुरतं ‘डमी तिकीट’ ऑनलाइन चार-पाचशे रुपयांत मिळतं. आमच्या ट्रॅव्हल ग्रुपवर सगळे तेच वापरतात. घ्यावं का?

उत्तर: नाही. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रकार बोकाळला आहे.

‘सगळे वापरतात’ हे ग्रुपवरचं शहाणपण आहे. ज्यांचं निभावलं ते फोटोसकट लिहितात. ज्यांना तीन तास बाजूला बसवून ठेवलं ते गुपचूप घरी येतात आणि शेजाऱ्यांना ‘तब्येत बिघडली’ म्हणून सांगतात.

या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिलीत एजंट खरं आरक्षण करतो, पण पैसे न भरता नुसतं रोखून धरतो. पीएनआर खरा, तिकीट मात्र निघालेलंच नाही. ते बहुतेकदा एक-दोन दिवसांत आपोआप रद्द होतं. तुमचं विमान लेट झालं किंवा तुम्ही कागद आदल्या आठवड्यात घेऊन ठेवला, की काउंटरवर तो पीएनआर टाकल्यावर काहीच निघत नाही. मोठ्या कंपन्यांच्या खऱ्या तिकिटावर १३ आकडी तिकीट क्रमांक असतो. रोखून धरलेल्या आरक्षणावर तो नसतो, आणि काउंटरवरच्या माणसाची नजर आधी तिथेच जाते. दुसऱ्या प्रकारात कुणाच्या तरी जुन्या तिकिटाच्या पीडीएफवर तुमचं नाव आणि तारीख चिकटवलेली असते. हा सरळसरळ बनावट दस्तऐवज आहे. बनवणारा कुठल्या तरी वेबसाइटच्या मागे बसलाय. अधिकाऱ्याच्या हातात तो देणारे तुम्ही. आणि पाचशे रुपये मोजताना यातलं नेमकं काय हातात पडलं हे तुम्हाला ओळखता येत नाही. विकणाऱ्याची सगळी कमाई तुमच्या या अज्ञानावरच चालते.

‘फार तर विमान चुकेल’ असं काही जण म्हणतात. मुंबईत अडवलं तर तेवढ्यावर भागेलही. पण तिकडे उतरल्यावर खोटा कागद सापडला आणि प्रवेश नाकारला, तर त्याची नोंद होते. पुढे ब्रिटन किंवा कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज भरताना प्रश्न असतो: तुम्हाला कधी कुठल्या देशाने प्रवेश नाकारला आहे का? लपवलंत तर ते वेगळं खोटं ठरतं, सांगितलंत तर कारण लिहावं लागतं. मुलगी शिकायला तिकडे असेल तर तिला भेटायला जाताना ही चार-पाचशेंची बचत आठवेल.

मग करायचं काय? परतीचं खरं तिकीट काढा. तारीख नक्की नसेल तर तारीख बदलता येणारं घ्या. अजिबातच ठरत नसेल तर थेट कंपनीकडून पैसे परत मिळणारं तिकीट घ्या, मात्र अटी वाचून. ‘रिफंडेबल’ म्हणजे पैसे खात्यात येणार की फक्त क्रेडिट मिळणार, कापून किती, किती दिवसांत. आणि बुकिंग ॲपवाल्यांचं ‘फ्री कॅन्सलेशन’ म्हणजे बऱ्याचदा जादा पैसे घेऊन विकलेली वेगळीच योजना असते. बँकॉकहून क्वालालंपूरसारख्या जवळच्या ठिकाणाचं स्वस्त तिकीट काढणं हाही प्रामाणिक मार्ग आहे. पुढे खरंच जाणार असाल तर सोन्याहून पिवळं. हॉटेलचंही तेच: काउंटरपुरतं बुक करून विमानात बसल्या बसल्या रद्द करू नका, बँकॉकला हॉटेलात फोन लावून विचारतात. तुमचा मार्ग सरळ बँकॉक-मुंबई नसेल, तर तिकीट काढायच्या आधी जाणकाराला दाखवून घ्या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरून देण्याचे एजंट माणशी १,५०० रुपये मागतो. हा सरकारी शुल्काचा दर आहे का?

उत्तर: सरकारी शुल्क शून्य आहे. हे कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचं झालं. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, मोबाइलवर भरून होतं. मलेशियाचंही असंच आहे, तेही फुकट. शोध घेतल्यावर वर येणाऱ्या पहिल्या जाहिरातीवर बोट ठेवू नका. थायलंडचा सरकारी पत्ता ‘डॉट गो डॉट टीएच’ने संपतो, मलेशियाचा ‘डॉट जीओव्ही डॉट एमवाय’ने. भरायला जमत नसेल तर शेजारच्या कॉलेजातल्या पोराला वडापाव देऊन भरून घ्या.

प्रश्न (कोल्हापूर): पासपोर्टवर माझं माहेरचं आडनाव आहे. यजमानांनी तिकीट सासरच्या आडनावाने काढलं. विवाह नोंदणी दाखला सोबत नेला तर?

उत्तर: दाखला घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं. कंपनीला आजच फोन करा. आडनाव दुरुस्त होतंय की नवं तिकीट घ्यावं लागेल ते तीच सांगेल. ऑनलाइन अरायव्हल कार्डातही पासपोर्टवरचंच नाव, वडिलांच्या नावासकट असेल तर तसंच.

प्रश्न (सांगली): आईचा पासपोर्ट ‘ईसीआर’ आहे. आम्ही तिला फिरायला बालीला नेतोय. कुणी म्हणतं सोडणार नाहीत.

उत्तर: ‘ईसीआर’ म्हणजे काही देशांत जाण्याआधी सरकारी मंजुरी घ्यायची अट, आणि ती नोकरीसाठी जाणाऱ्यांची आहे. अशा १८ देशांच्या यादीत इंडोनेशिया आहे, थायलंड आणि मलेशियाही आहेत, म्हणून घोटाळा होतो. फिरायला जाताना परतीचं तिकीट आणि हॉटेल दाखवता आलं पाहिजे, आणि प्रश्न विचारले तर आईला उत्तरं देता आली पाहिजेत. त्या पन्नाशीपुढच्या असतील तर या अटीतून सूट मिळते; नवा पासपोर्ट काढताना ती नोंद काढून घ्या. आणि बालीला व्हिसा ‘लागत नाही’ असं नाही, तो उतरल्यावर मिळतो: पाच लाख इंडोनेशियन रुपिया, ३० दिवस.

प्रश्न (सोलापूर): भाच्याला थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी मिळतेय. ‘आधी टुरिस्ट म्हणून ये, परमिट इथे करू’ असं कंपनीचा माणूस म्हणतो. व्हिसा लागत नाही तर प्रयत्न करून बघायला काय हरकत?

उत्तर: पाठवू नका. व्हिसामाफी फिरण्यासाठी आहे, नोकरीसाठी नाही. याच आमिषाने बँकॉकला उतरवून मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत नेलं गेलं. भारत सरकारने कितीदा तरी इशारे दिले, विमानं पाठवून माणसं परत आणली. इराणची व्हिसामाफी गेली ती नोकरीच्या थापा मारून नेलेल्या भारतीयांना खंडणीसाठी डांबल्याच्या घटनांनंतरच. एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासा आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयात विचारा. भाचा ऐकत नसेल तर त्याला घेऊन तिथे जा. तिकीट निघालं असेल तर ते पैसे बुडाले असं समजा.

प्रश्न (डोंबिवली): सिंगापूरला विमान बदलायचंय, दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलीत. विमानतळाबाहेर पडणार नाही, मग व्हिसा कशाला?

उत्तर: बॅग कुठे मिळणार ते आधी विचारा. ती घेऊन पुन्हा द्यायची असेल तर इमिग्रेशन पार करावं लागतं, आणि त्यासाठी सिंगापूरचा व्हिसा. दोन्ही कंपन्यांशी बोला.

प्रश्न (अहिल्यानगर): पासपोर्टच्या आतल्या पानावर नातवाने पेनने रेघोट्या मारल्यात. बाकी ठीक आहे.

उत्तर: ठीक नाही. खराब पासपोर्ट बदलून घ्या, आणि पान फाडून तर अजिबात टाकू नका. बँकॉकच्या वाऱ्या घरी कळू नयेत म्हणून पानं फाडणाऱ्या महाभागांवर मुंबई विमानतळावर गुन्हे दाखल झाले आहेत. तुमच्या रेघोट्यांचं कारण निदान सांगण्यासारखं आहे.

प्रश्न (नाशिक): केनियाला व्हिसा बंद झाला असं वाचलं. सहा दिवसांनी सफारीला निघतोय. मी ६३ वर्षांचा आहे. आणखी काही लागतं का?

उत्तर: व्हिसाऐवजी ‘ईटीए’ म्हणजे ऑनलाइन प्रवास परवाना घ्यावा लागतो, तोही निघण्याआधी आणि मंजूर होऊन हातात हवा. तो अजून काढला नसेल तर हे वाचणं थांबवून आधी अर्ज करा. दुसरं, पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. केनियाहून भारतात परतताना तिचा दाखला मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला वैध होतो, पुढे जन्मभर चालतो. लस फक्त सरकारने मान्य केलेल्या केंद्रांत मिळते, तिथे वेळ आधी घ्यावी लागते. तुमची सफारी आठवडाभराची असेल तर परतेपर्यंत दहा दिवस भरतीलही. पण साठीनंतर या लसीचे दुष्परिणाम व्हायचा धोका वाढतो, त्यामुळे घ्यायची की नाही हे मी सांगणार नाही, केंद्रावरचे डॉक्टर तुमची औषधं आणि जुनी दुखणी बघून ठरवतील. ते नको म्हणाले तर तसं लेखी घ्या, आणि तो कागद चालेल का हे विमान कंपनीला आणि आपल्या विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्यांना निघण्याआधी विचारा. सहा दिवसांत हे सगळं बसत नसेल तर तारीख पुढे ढकला.